कुंदाताईंची सहा इंची पट्टी

कुंदाताई हेर्लेकरांच्या पर्समध्ये सहा इंची स्टीलची पट्टी असायची. लग्नाची पत्रिका असो, देवळाच्या वर्गणीची पावती असो किंवा औषधाच्या डबीतला बारीक टायपातला घडीचा कागद, त्या पट्टी काढून पहिल्या ओळीखाली ठेवायच्या आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायच्या. आमच्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात त्यांनी मेन्यू असा वाचायला घेतला, तेव्हा वेटर दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हैसूर मसाला दोन पानांवर आहे आणि दोन वेगळ्या किमतींना आहे. मला स्वस्तातला आण."

इरा, परवा व्हिडिओवर तू सांगितलंस की होस्टेलच्या बावीस पानी करारावर तू न वाचताच सही केलीस, कारण सगळेच करत होते. फोन ठेवल्यावर मला कुंदाताई आठवल्या, आणि तुला आणि निषादला, माझ्या दोघा नातवंडांना, त्या माहीत असाव्यात असं वाटलं. तुमचे बाबा पुण्याला परत गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि निषाद पाळण्यात होता. इथली, अमेरिकेतल्या या एडिसन गावातली माणसं तुम्हाला आठवणार नाहीत.

कुंदाताई मूळच्या सांगलीच्या. इथे त्यांनी एका औषध कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासण्याचं काम निवृत्त होईपर्यंत केलं. डोसाचा एक आकडा चुकला तर कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून एकच लेबल तीन जणांनी वाचायचं अशी तिथली पद्धत. पट्टी त्या कामातली. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या वाचनालयात टॅक्स भरायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांत गेल्या. अमेरिकेत प्रत्येकाला एप्रिलच्या मध्यापर्यंत आपल्या मिळकतीचा हिशेब, म्हणजे रिटर्न, सरकारकडे पाठवावा लागतो. ज्यांना ते जमत नाही आणि पैसे देऊन करून घेणं परवडत नाही, अशांसाठी फेब्रुवारीपासून दर मंगळवारी सकाळी वाचनालयात ही मोफत सोय असते. स्वयंसेवकांना दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. एकाने केलेला रिटर्न दुसऱ्याने तपासावा लागतो. कुणाकडून एक डॉलरही घ्यायचा नसतो. एका बाईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला, तर कुंदाताईंनी तो त्यांनाच रांगेत बसलेल्या सगळ्यांना वाटायला लावला आणि स्वतः एकही घेतला नाही. त्यांना बेसनाचे लाडू फार आवडत.

त्यांना वाचनालयात सोडायला श्रीपादराव यायचे, त्यांचे यजमान. ते गाडीतच बसून फोनवर बुद्धिबळ खेळत. कुणी विचारलं, "काका, तुम्ही आत येत नाही?" तर म्हणत, "आमच्या घरात अर्थमंत्री ती. मी रबरी शिक्का." सगळे हसायचे. कुंदाताईही हसायच्या.

तुमचे आजोबा गेले, त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा कुंदाताईंच्या टेबलासमोर बसले. मी इंग्रजीत एम.ए. केलेली, पुण्यात सात वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. इथे नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरला तर दोघांनाही सही करावी लागते, आणि मग त्यात जे लिहिलं असेल त्याला दोघंही जबाबदार असतात. सत्तावीस वर्षं मी दर एप्रिलला आजोबा पेनाचं टोक ठेवतील तिथे सही केली होती.

"गेल्या वर्षीचा रिटर्न आणलाय?" कुंदाताईंनी विचारलं.

"हो."

"काय आहे त्यात?"

"मला नाही माहीत. हेच करायचे सगळं."

"मग ही सही कुणाची?"

"माझी."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "वाचा की."

"आत्ता? मागे रांग आहे."

"रांगेकडे मी बघते. तुम्ही वाचा."

मला पाऊण तास लागला. शेवटी एक जोडलेलं पान होतं. त्यात आजोबांनी एका अंधशाळेला दिलेल्या कॉम्प्युटरांची यादी होती. संध्याकाळी जेवणाआधी ते तळघरात जुनी मशिनं उघडून बसत, ते मला माहीत होतं. ते ती विकतात असं मी समजत होते. एकदा तर पसारा होतो म्हणून भांडलेही होते. दुरुस्त करून ती ते शाळेला देतात, हे मला त्या पानावर कळलं. मी डोळे पुसले. कुंदाताईंनी माझ्याकडे न बघता पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली आणि म्हणाल्या, "अजून दोन ओळी आहेत."

त्यानंतर मीही परीक्षा देऊन दर मंगळवारी जाऊ लागले. पाच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले.

जोडपं आलं की नवरा बोलायचा आणि बायको मांडीवर पर्स ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायची, हे ठरलेलं. कुंदाताई सगळं भरून झाल्यावर स्क्रीन बायकोकडे वळवायच्या. "वहिनी, तुम्ही वाचा."

"ह्यांनी बघितलंय ना."

"ह्यांनी ह्यांच्या सहीपुरतं बघितलं. तुमच्या सहीचं काय?"

एका गृहस्थांनी वैतागून विचारलं होतं, "बाई, तुम्ही टॅक्स भरायला बसलाय की आमच्या घरात भांडण लावायला?" कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "भांडण लागण्यासारखं काही आहे का यात? मग वाचू द्या की त्यांना."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते आम्ही सगळे त्यांच्यामागे म्हणायचो. "कागद विचारतो तेवढंच सांगा, पण तेवढं सगळं सांगा."

रोहन म्हणून नागपूरचा एक मुलगा होता, नुकतीच पहिली नोकरी लागलेला. त्याने आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या रकान्यात आई-वडिलांची नावं लिहून आणली होती. तसं केलं की काही सवलती मिळतात.

"आई-बाबा राहतात कुठं?"

"नागपूरला. पण काकू, मी दर महिन्याला पैसे ट्रान्सफर करतो. ते टोटली माझ्यावर डिपेंडंट आहेत."

"आहेत रे. तू चांगला मुलगा आहेस. पण नियम काय म्हणतो वाच. इथले नागरिक किंवा रहिवासी पाहिजेत, नाहीतर कॅनडात किंवा मेक्सिकोत राहणारे पाहिजेत."

"मेक्सिको? का पण?"

"शेजारी आहेत म्हणून असेल. मला विचारून केलेलं नाही."

रोहनने जरा विचार केला. "आईला तिखट चालतं, काकू."

"मग पाठव की. पण पुढच्या वर्षी. या वर्षी रकाना रिकामा."

आता खरी गोष्ट सांगते.

एका हिवाळ्यात सांगलीला कुंदाताईंच्या आई गेल्या. नव्वदीच्या होत्या. कुंदाताई जाऊन दिवस करून परत आल्या. त्यानंतर त्यांच्या धाकट्या भावाला आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, मुदत ठेवीच्या पावत्या मिळाल्या. त्याने फोनवर फोटो पाठवले. प्रत्येक पावतीवर दोन नावं होती, पहिलं आईचं आणि दुसरं कुंदाताईंचं.

तुम्हाला हे नवीन नसेल. आपल्याकडे आई ठेव ठेवते आणि दुसरं नाव मुलाचं किंवा मुलीचं घालते, आपल्यामागे धावाधाव नको म्हणून. मुलं त्याला आईचे पैसे समजतात, आणि ते असतातही. पण अमेरिकेचा कागद दरवर्षी विचारतो, परदेशातल्या एखाद्या खात्यावर तुमचं नाव किंवा तुमचा अधिकार आहे का? अशा सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर ते वेगळं कळवावं लागतं. व्याजात आपला वाटा असेल तर तो थोडा असला तरी दाखवावा लागतो. कुंदाताई हा प्रश्न दर मंगळवारी वीस वेळा विचारायच्या, "भारतात खातं आहे का?" आणि स्वतःच्या रिटर्नवर त्यांनी दरवर्षी त्यापुढे 'नाही' लिहिलं होतं.

पावत्या अकरा वर्षांपासूनच्या होत्या. दर वेळी नूतनीकरण होत गेलं होतं. बेरीज दहा हजारांच्या बरीच वर होती.

त्या माझ्याकडे आल्या. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या. "मला आठवतंय हो," त्या म्हणाल्या. "मी सांगलीला गेले होते. आई जेवणाच्या टेबलावर फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, कुंदे, इथं सही कर गं. माझ्या हाताला श्रीखंड लागलं होतं. मी हात पुसला आणि सही केली."

"आईचा कागद कोण वाचतं, कुंदाताई?"

"पर्स शेजारच्या खुर्चीवर होती," त्या म्हणाल्या. "पट्टी तिच्यात होती."

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आईचेच पैसे आहेत. कुणाला कळतंय?" ओळखीचे लोक म्हणाले, मागचं उकरू नका, या वर्षीपासून गुपचूप दाखवायला लागा. बहुतेक जण तसंच करतात. पण मागची चूक कबूल करण्याची एक रीतसर वाट आहे. मागच्या काही वर्षांचे रिटर्न दुरुस्त करायचे, राहिलेला कर आणि दंड भरायचा, आणि एक निवेदन लिहायचं. हे का घडलं, ते आपल्या शब्दांत. ते मुद्दाम केलं नव्हतं हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. नाही पटलं तर दंड अनेक पटींनी वाढू शकतो. आणि वर्षानुवर्षं हाच प्रश्न लोकांना विचारणाऱ्या बाईला तो नियम माहीत नव्हता, असं कोण म्हणेल? टेबलावरची ती जागा कुंदाताईंना घरच्या देव्हाऱ्याइतकी प्रिय होती. ती कायमची जाण्याची वेळ आली होती.

त्या वर्षीच्या पहिल्या मंगळवारी त्या आमच्या प्रमुखांकडे गेल्या. फ्रँक हे पोस्टातून निवृत्त झालेले, मोठ्या अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. कुंदाताईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, हे निस्तरेपर्यंत मी कुणाच्या रिटर्नला हात लावणार नाही. फ्रँक म्हणाले, इतकं कडक व्हायची गरज नाही. कुंदाताई म्हणाल्या, "मला आहे." मग फ्रँकनी त्यांना दाराशी बसून येणाऱ्यांना नंबर द्यायचं काम दिलं.

मला वाटलं होतं, त्या येणार नाहीत. त्या दर मंगळवारी वेळेच्या आधी येऊन दाराशी बसल्या.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मावशी, तुम्ही इथे का? टेबलावर नाही?" आणि त्या आवाज न उतरवता सांगायच्या, "माझ्या आईच्या ठेवीवर माझं नाव निघालं. मी दाखवलं नव्हतं. तुमच्या आईच्या कागदावर तुमचं नाव आहे का?"

'भारतात खातं आहे का' याला सगळे आजवर नाही म्हणत आले होते. हा प्रश्न निराळा होता. पहिल्यांदा रोहन उठला. तो पुन्हा आला होता. इथे सकाळचे दहा म्हणजे तिकडे रात्रीची जेवणं आटोपायची वेळ. त्याने आईला फोन लावला आणि घाईत स्पीकर चालू राहिला.

"आई, तुझ्या एफडीवर माझं नाव आहे का?"

"काय रे, पैसे हवेत का तुला? नोकरी आहे ना?"

"आहे गं. फक्त सांग."

"तुझंच आहे. मग काय शेजारच्यांचं घालू?"

रांगेत हशा पिकला. पण मग एकेकाने फोन काढले. पुस्तकांच्या कपाटांच्या मधल्या वाटेत पाच-सहा जण भिंतीकडे तोंड करून आपापल्या आईशी बोलत होते. कुणी सोलापूरला, कुणी ठाण्याला. "अगं, मी भांडत नाहीये, नुसतं विचारतोय." "आई, रडू नकोस, काही झालेलं नाही." भारतातून लेकीकडे राहायला आलेल्या एक आजी उलट्या बाजूच्या होत्या. त्यांनी लेकीला दंडाला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "तुझं नाव मी तीन ठिकाणी घातलंय. विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही." ग्रंथपाल बाई शांत राहा म्हणायला आल्या आणि काय चाललंय ते न कळून तशाच उभ्या राहिल्या.

दाराशी कुंदाताई पुढचा नंबर हातात धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला जो अभिमान वाटला, तो मी त्यांना कधी सांगितला नाही.

निवेदनाचा मसुदा त्यांनी मला इंग्रजी तपासायला दिला. तीन पानं होती. आईचं आजारपण, बँकेने काहीच न कळवणं, व्याज आईच्या खात्यात जाणं, सगळं खरं होतं. दोन दिवसांनी त्यांनी ते स्वतःच छाटून अर्ध्या पानावर आणलं. शेवटचं वाक्य असं होतं की, 'मी या कामात स्वयंसेवक आहे. सही करण्याआधी वाचा, असं मी इतरांना सांगते. हा फॉर्म मी वाचला नाही.'

ओक ट्री रोडवर ज्यांचं ऑफिस आहे त्या सीपीएंनी, म्हणजे इथल्या सी.ए.नी, ते वाक्य पाहून चष्मा काढला. "काकू, हे काढा. तुम्हाला नियम माहीत होता, असं तुम्ही स्वतःच लिहून देताय. आ बैल मुझे मार."

मीही म्हणाले, काढा. व्याकरणात चूक नव्हती, पण काढा.

"इथं काय विचारलंय?" कुंदाताईंनी पट्टी प्रश्नाखाली ठेवली. "असं का घडलं. मग का घडलं ते लिहिलं. हे वाक्य काढलं तर उरलेलं खोटं नाही, पण अर्धं आहे."

वाक्य राहिलं.

रिटर्न दोघांचा, म्हणून सही श्रीपादरावांचीही हवी होती. माझ्याच जेवणाच्या टेबलावर कुंदाताईंनी निवेदन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, न बघताच तळाशी सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "झालं? चहा टाका आता."

कुंदाताई त्या सहीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो कागद उचलून दोनदा फाडला.

"अगं, काय करतेस?"

"इतकी वर्षं मी लोकांच्या बायकांना वाचायला लावतेय," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या घरात तुम्ही."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, कुंदा."

"माझाही आईवर होता."

मी नवी प्रत छापून आणली. श्रीपादरावांनी ती वाचली. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे ठेवणार आहेस?" त्या हो म्हणाल्या. मग त्यांनी सही केली.

त्या वाटेने गेलं की सरकारकडून मान्य-अमान्य असं उत्तर येत नाही. आलं तर चौकशीचंच पत्र येतं. त्यामुळे कुंदाताई वर्षभर पोस्टाच्या पेटीकडे जात आणि ती रिकामी बघून परत येत. पुढच्या जानेवारीत फ्रँकनी त्यांना फोन केला आणि विचारलं, "परीक्षेला बसताय ना?" त्या बसल्या. एकही उत्तर चुकलं नाही. फेब्रुवारीत टेबलावर परत आल्या, तेव्हा फ्रँकनी त्यांची जुनी खुर्ची पुसून ठेवली होती. आमच्या वाचनालयातला प्रश्न मात्र आता आईच्या कागदापासून सुरू होतो. फ्रँकही तसाच विचारतात, समोर कुठल्याही देशाचा माणूस असो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कुंदाताई आणि श्रीपादराव मुलीजवळ राहायला दूर दक्षिणेकडे, अल्फारेटा गावी गेले. आम्ही फोनवर बोलतो. पण डोळ्यांपुढे येतात त्या जाण्याआधीच्या एप्रिलमधल्या कुंदाताई.

मी पुस्तकं परत करायला गेले होते. मंगळवार नव्हता, गर्दी नव्हती. खिडकीजवळच्या टेबलावर श्रीपादराव एकटेच वाचत आहेत असं मला वाटलं. जवळ गेले तर समोर कुंदाताई होत्या. टेबलावर त्या वर्षीचा त्यांचा रिटर्न होता आणि स्टीलची पट्टी श्रीपादरावांच्या हातात होती. कुंदाताईंनी आपले हात टेबलाखाली धरून ठेवले होते. बोट दाखवायचा मोह होऊ नये म्हणून, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"चहाला येताय?" मी हळूच विचारलं.

कुंदाताईंनी मानेनेच नाही म्हटलं. "बसा. दुसऱ्या पानावर आहेत."

श्रीपादराव वर न बघता म्हणाले, "कुंदा, ही रक्कम कसली?"

"तुमच्या पेन्शनची."

"गेल्या वर्षी इतकीच होती?"

"गेल्या वर्षीचा वाचला होता का तुम्ही?"

"नाही."

"मग विचारा. मी सांगते."

त्यांनी सांगितलं. श्रीपादरावांनी ऐकून घेतलं, जरा विचार केला, आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली. मी खुर्ची ओढून बसले.